हिटलरच्या सैन्यातले हिटलरविरोधी: म्युनिकचे मेडिकलचे विद्यार्थी रशियाच्या आघाडीवर

'व्हाइट रोझ' या गटाबद्दल पहिल्यांदा वाचताना एक गोष्ट हमखास खटकते. म्युनिक विद्यापीठातली काही पोरं १९४२ च्या जूनमध्ये हिटलरविरोधी पत्रकं लिहून टपालानं पाठवायला लागतात. जुलै संपता संपता त्याच वर्तुळातली तिघं हिटलरच्या सैन्याच्या आगगाडीत बसून रशियाला जातात, तिथे तीन महिने जखमी जर्मन सैनिकांची मलमपट्टी करतात, नोव्हेंबरात परत येतात आणि पुन्हा पत्रकं काढतात. मग प्रश्न पडतो की यांना पकडलं होतं का? शिक्षा म्हणून आघाडीवर धाडलं होतं का?

नाही. त्या वेळी गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, ही पत्रकं कोण काढतं हे ठाऊकच नव्हतं. ते गेले कारण ते आधीपासून सैनिकच होते आणि कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून आधी ती व्यवस्था काय होती ते बघू.

सकाळी लेक्चर, अंगावर गणवेश

जर्मनीत १९३५ मध्ये सक्तीची लष्करभरती परत आली. तरुण मुलाला आधी सहा महिने श्रमसेवा करावी लागे, म्हणजे कुदळ-फावडं घेऊन रस्ते, कालवे, शेतं. त्यानंतर लष्करी सेवा. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर तर धडधाकट पुरुषाची सुटका नव्हतीच.

पण सैन्याची एक अडचण होती. डॉक्टर तयार व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. मेडिकलच्या सगळ्या पोरांच्या हातात बंदूक देऊन त्यांना खंदकात उतरवलं, तर चार वर्षांनी जखमींना शिवायला कोण उरणार? यावर तोडगा म्हणून विद्यार्थी-कंपन्या निघाल्या. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, शिकणारा मुलगा जसा विद्यार्थीही असतो आणि लष्कराचाही असतो, काहीसं तसंच; फरक इतकाच की इथे मुलगा आपणहून जातो, तिथे निवड करायला वावच नव्हता. कंपनीला कमांडर असे, हजेरी असे, पगार मिळे. दिवसा विद्यापीठात शरीरशास्त्र नि रोगनिदान. सत्र संपलं की प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हणून लष्करी दवाखान्यात किंवा थेट आघाडीवर रवानगी. एकंदर बघता नाझी सैन्यातली ही त्यातल्या त्यात सुसह्य जागा होती आणि ज्यांना बंदूक चालवायची नव्हती ते तिच्याकडे ओढले जात.

हान्स शोल त्यातला एक. १९१८ चा जन्म, उल्म गावी वाढलेला. चौदा-पंधराव्या वर्षी तो हिटलर युथमध्ये, म्हणजे नाझींच्या युवक संघटनेत, उत्साहानं गेला होता आणि तिथे छोटा नेताही झाला होता. घरात वडिलांशी यावरून वाद होत. पुढे भ्रमनिरास झाला आणि १९३७ च्या अखेरीस बंदी असलेल्या युवक-गटांशी संबंध ठेवल्यावरून त्याला अटकही झाली. १९३९ मध्ये त्यानं म्युनिकला मेडिकलला प्रवेश घेतला, १९४० च्या फ्रान्सच्या मोहिमेत वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलं आणि १९४१ मध्ये विद्यार्थी-कंपनीत असताना त्याची गाठ अलेक्झांडर श्मोरेलशी पडली.

श्मोरेलची गोष्ट जरा वेगळी आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत कमी समजून घेतला गेलेला माणूस. त्याचा जन्म १९१७ चा, रशियातल्या ओरेनबुर्गचा. वडील जर्मन डॉक्टर, आई रशियन, तिचे वडील ऑर्थोडॉक्स धर्मगुरू. तो अगदी लहान असताना आई टायफसनं गेली. क्रांतीनंतर वडील त्याला घेऊन म्युनिकला आले ते एका रशियन दाईसकट. ही बाई घरातच राहिली आणि तिच्यामुळे पोराची रशियन भाषा कायम राहिली. असा हा अर्धा रशियन मुलगा. सैन्यात भरती होताना हिटलरच्या नावानं शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या पोटात गोळा आला. (१९३४ पासून जर्मन सैनिक देशाची किंवा घटनेची शपथ घेत नव्हते, हिटलर या व्यक्तीची घेत होते.) मला यातून मोकळं करा, असं त्यानं वरिष्ठांना सांगून पाहिलं. अर्थातच कोणी मोकळं केलं नाही. पुढे अटकेनंतरच्या जबाबातही त्यानं स्पष्ट सांगितलं की आपलं रशियन लोकांवर प्रेम आहे आणि त्यांच्यावर गोळी झाडणं आपल्याच्यानं झालं नसतं.

तिसरा विली ग्राफ. जन्म १९१८ चा, सारब्रुकेनमध्ये वाढलेला, कट्टर कॅथलिक, अबोल. हिटलर युथमध्ये तो गेलाच नाही. त्यानं वहीतून अशा मित्रांची नावं खोडून टाकली होती म्हणतात जे तिकडे गेले. तो युगोस्लाव्हिया, पोलंड आणि रशिया यांच्या आघाड्यांवर आधीच मदतनीस म्हणून काम करून आला होता. १९४२ च्या सुरुवातीला रशियातून त्यानं घरी लिहिलं की इथे जे बघावं लागलं ते बघायची वेळ आली नसती तर बरं झालं असतं. एप्रिलमध्ये तो म्युनिकच्या विद्यार्थी-कंपनीत दाखल झाला आणि हळूहळू हान्स-अलेक्झांडरच्या वर्तुळात आला.

चौथा क्रिस्टोफ प्रोब्स्ट. तोही मेडिकलचाच, पण हवाई दलाच्या विद्यार्थी-कंपनीतला. त्यामुळे रशियाला गेला नाही. चौघांत तो एकटाच संसारी होता आणि पुढे तीन मुलांचा बाप झाला. म्हणून बाकीचे त्याला जोखमीच्या कामांपासून शक्यतो लांब ठेवत.

हान्सची बहीण सोफी मे १९४२ मध्ये जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकायला म्युनिकला आली. जगभर प्रसिद्ध तीच जास्त आहे. पण ती सैनिक नव्हती आणि आपल्या आजच्या विषयात ती कडेला आहे. अर्थात मुलींचीही सुटका नव्हतीच: भाऊ आघाडीवर असताना त्या उन्हाळ्यात सोफीला उल्ममधल्या युद्धसाहित्याच्या कारखान्यात दोन महिने सक्तीनं राबावं लागलं. तिच्या बाजूला रशियातून धरून आणलेल्या मजूर बाया होत्या.

रशियाच्या आधीची चार पत्रकं

एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'रशियात जाऊन त्यांनी अत्याचार पाहिले, डोळे उघडले आणि ते हिटलरविरोधी झाले.' गोष्ट म्हणून छान बसते, पण क्रम उलटा आहे. पहिली चार पत्रकं २७ जून ते १२ जुलै १९४२ या पंधरवड्यात निघाली, म्हणजे रशियाच्या आधी. लिहिली हान्स आणि श्मोरेल या दोघांनी. टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायची आणि हातानं फिरवायच्या यंत्रावर प्रती काढायच्या. आपल्याकडे ज्याला सायक्लोस्टाइल म्हणत तोच प्रकार. प्रत्येकी साधारण शंभर प्रती. टपालाची तिकिटं एकाच ठिकाणाहून घेतली तर पोस्टातला माणूस विचारणार, म्हणून थोडी थोडी, वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यायची.

ती पत्रकं पाठवली कोणाला? प्राध्यापक, लेखक, डॉक्टर, पुस्तकविक्रेते यांना. भाषाही तशीच. गटे, शिलर, अ‍ॅरिस्टॉटल, लाओ त्झू, बायबल यांचे उतारे. आज वाचताना पहिली दोन पत्रकं जरा जडच जातात. पंचविशीच्या आतल्या पोरांनी शिकल्या-सवरलेल्या लोकांना त्यांच्याच ग्रंथांनी लाजवायचा प्रयत्न केला होता, असं म्हणता येईल. ज्यांना लाजवायचं त्यातल्या कित्येकांनी पत्रक उघडलं, वाचलं आणि सरळ पोलिसांत नेऊन दिलं.

पण त्या जड भाषेत दुसऱ्या पत्रकात एक वाक्य असं आहे की ते त्या काळात जर्मनीत छापून जवळजवळ कोणी म्हणत नव्हतं: पोलंड जिंकल्यापासून तिथे तीन लाख ज्यूंची अत्यंत पाशवी पद्धतीनं हत्या झाली आहे. आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच होता. ही माहिती म्युनिकमध्ये बसून कशी मिळाली? पोलंडमध्ये काम करून आलेले लोक बोलत होते. मान्फ्रेड आइकेमायर नावाचा वास्तुविशारद तिकडच्या कत्तलींबद्दल सांगत असे आणि त्यानं आपला म्युनिकमधला स्टुडिओ या पोरांना वापरायला दिला होता. ग्राफ स्वतः पूर्वेकडून आला होता. शिवाय त्यांच्या स्वतःच्या पेशातच काय चाललं होतं ते उघड झालेलं होतं. मनोरुग्ण आणि अपंग माणसांना 'जगायला नालायक' ठरवून मारण्याच्या योजनेत ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांच्या वर लोक मारले गेले होते आणि मारणारे डॉक्टर होते. म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनी चर्चमधून त्याविरुद्ध उघड प्रवचन दिलं. त्याच्या प्रती लोकांनी गुपचूप एकमेकांना पाठवल्या. शोल कुटुंबाच्या टपालपेटीतही त्या पडल्या होत्या. कोणी लिहिलं माहीत नाही, कोणी टाकलं माहीत नाही, पण कागद घरोघर पोचतो, ही पद्धत हान्सनं तिथे बघितली.

चौथ्या पत्रकाच्या शेवटी आहे: 'आम्ही गप्प बसणार नाही. आम्ही तुमच्या मनाची बोचणी आहोत. व्हाइट रोझ तुम्हाला स्वस्थ बसू देणार नाही!' ते टपालात पडलं आणि दहाएक दिवसांत लेखकांना हुकूम आला, सामान बांधा.

वॉर्सा, व्याझ्मा, ग्झात्स्क

२३ जुलै १९४२ ला म्युनिकच्या पूर्व स्थानकावरून गाडी सुटली. कुंपणापाशी निरोप घेतानाचे फोटो त्यांचा सहकारी युर्गेन विटेनस्टाइन यानं काढले. सोफीचे जे फोटो आपण सगळीकडे बघतो त्यातले काही त्या सकाळचे आहेत.

तीन दिवसांनी गाडी वॉर्सात थांबली. ही तारीख ध्यानात घेण्यासारखी आहे. २२ जुलैपासून वॉर्साच्या ज्यू वस्तीतून रोज हजारो माणसं त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारायला नेली जात होती. पोरांना ते सगळं कळलं असेल असं नाही, पण शहर त्यांनी पाहिलं. हान्सनं घरी लिहिलं की उपाशी मुलं रस्त्यात पडून भाकरीसाठी कण्हत आहेत आणि पलीकडून जॅझचं संगीत ऐकू येतंय. इथे फार दिवस राहिलो तर आजारी पडेन. ग्राफच्या टिपणात दोनच छोटी वाक्यं आहेत: दैन्य आमच्याकडे बघतं. आम्ही तोंड फिरवतो. आघाडीवरची टपालं तपासली जात, त्यामुळे कोणी मोकळेपणानं लिहीत नसे. तरी हे लिहिलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला ते व्याझ्माला पोचले. या गावात सोव्हिएत युद्धकैद्यांची मोठी छावणी होती आणि कैदी तिथे भुकेनं, थंडीनं, टायफसनं मरत होते. हे अपवादात्मक नव्हतं. जर्मनांनी पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी अंदाजे ३३ लाख कैदेत मेले, असं इतिहासकार सांगतात. तिथून त्यांना ग्झात्स्कला २५२ व्या पायदळ डिव्हिजनकडे पाठवलं. मॉस्को तिथून पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटरवर. सोव्हिएत सैन्यानं नेमकं त्याच सुमारास त्या भागात मोठा हल्ला चढवला होता, तोफांचा मारा चालू होता आणि जखमींची रीघ लागलेली. (या गावाचं नाव आज गागारिन आहे. अंतराळवीर युरी गागारिन त्याच तालुक्यातल्या क्लुशिनो गावचा. १९४२ च्या त्या उन्हाळ्यात तो आठ वर्षांचा होता आणि घर जर्मनांनी घेतल्यामुळे आईबापांबरोबर जमिनीत खणलेल्या खोपटात राहत होता.)

मदतनीसाचं काम काय असे? आघाडीवर जखमी झालेला सैनिक आधी पुढच्या ठाण्यावर येई. रक्तस्राव थांबवायचा, अवयव बांधायचा. तिथून मुख्य उपचार-ठाण्यावर. शस्त्रक्रिया, हातपाय कापणं हे तिथे. मग मागच्या दवाखान्यात आणि तिथून गाडीनं घरी. शोल, श्मोरेल, ग्राफ यांची नेमणूक उपचार-ठाण्यावर. शस्त्रक्रियेला हाताशी उभं राहणं, पट्ट्या बदलणं, आजाऱ्यांना बघणं. गोळ्यांनी जितके यायचे तितकेच रोगांनी: टायफस, आमांश, घटसर्प. हान्स आणि श्मोरेल दोघंही घटसर्पानं आडवे झाले.

आता एक अडचणीचा प्रश्न. मदतनीस गोळी झाडत नाही, जखमीला वाचवतो, मग त्याचे हात स्वच्छ, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण उपचार-ठाण्याचा लष्करी हेतू काय? बरा होऊ शकणारा सैनिक लवकरात लवकर पुन्हा रांगेत उभा करणं. ज्या सैन्याला हुकूमच होते की सोव्हिएत राजकीय अधिकारी सापडला की गोळी घाला, जे सैन्य कैद्यांना उपाशी मारत होतं, त्या सैन्याचा पाय बरा करून देणं हे त्या युद्धातलंच काम आहे. दुसरीकडे, समोर आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा ओरडतोय, त्याला काय सांगणार? या प्रश्नाचं नीटनेटकं उत्तर मला तरी सापडलेलं नाही. निव्वळ निष्पाप म्हणून त्यांची पूजा करण्यापेक्षा या कोंडीसकट त्यांच्याकडे बघावं असं मला वाटतं, कारण ती कोंडी त्यांनाही जाणवत होती असं त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसतं.

सुटीच्या वेळात मात्र हे तिघं आणि त्यांचे एक-दोन मित्र जे करत होते ते सैन्याच्या दृष्टीनं सरळसरळ गुन्ह्याच्या जवळ जाणारं होतं. श्मोरेल अस्खलित रशियन बोलणारा, त्यामुळे खेड्यातली दारं उघडत. शेतकऱ्यांच्या झोपडीत बसायचं, चहा-व्होडका घ्यायची, श्मोरेल बालालाइका वाजवणार, बाकीचे गाणी शिकणार. हान्सनं कैदी आणि काही रशियन मुली जमवून गायकांचा एक गट उभा केला. शत्रूच्या लोकांशी अशी सलगी करायला बंदी होती, कारण नाझी शिकवणीप्रमाणे हे लोक माणसांतच जमा नव्हते.

एका संध्याकाळी हान्स आणि श्मोरेल यांना एका रशियन सैनिकाचं प्रेत दिसलं. बरेच दिवस उघड्यावर पडलेलं. मुंडकं धडापासून वेगळं झालेलं, कपड्यांतून किडे बाहेर येत होते. दोघांनी खड्डा खणून ते पुरलं. खड्डा बुजवत आणलाच होता तेवढ्यात एक हात बाजूला पडलेला सापडला. शेवटी त्यांनी रशियन पद्धतीचा क्रूस ठोकून उशाशी रोवला. हान्सनं हे स्वतः लिहून ठेवलंय, कसलाही भावनेचा पाझर न फोडता, एखादं काम उरकल्यासारखं. मेलेल्या शत्रूसाठी खड्डा खणा असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच महिन्यात उल्महून बातमी आली. वडील रॉबर्ट शोल, करसल्लागार; हिटलर म्हणजे माणसांवर पडलेला देवाचा आसूड आहे असं ऑफिसात बोलले आणि हाताखालच्या बाईनं तक्रार केली. चार महिन्यांची शिक्षा. आईनं सुचवलं की आघाडीवर लढणाऱ्या मुलांनी दयेचा अर्ज केला तर उपयोग होईल. धाकटा भाऊ वेर्नर योगायोगानं जवळच तैनात होता. हान्स घोड्यावर बसून त्याच्याकडे गेला. पण अर्ज करायचा नाही असं त्यानं ठरवलं. खोटा अभिमान काय असतो हे आपल्याला कळतं, तसा खराही कळतो, अशा अर्थाचं त्यानं डायरीत लिहिलं. आई-बहिणींना हे किती जड गेलं असेल याचा विचार करता मला या ठिकाणी त्याचा थोडा रागही येतो. वेर्नर पुढे १९४४ मध्ये रशियातच बेपत्ता झाला.

परत आल्यावर काय बदललं

६ नोव्हेंबरला ते म्युनिकला परतले आणि त्याच महिन्यात हान्स व श्मोरेल खेम्नित्सला जाऊन फाल्क हार्नाकला भेटले. फाल्कचा थोरला भाऊ आर्विड बर्लिनमधल्या एका मोठ्या प्रतिकार-गटातला. डिसेंबरमध्ये त्याला फाशी झाली. फाल्कचं म्हणणं होतं, साहित्य कमी करा, राजकारण स्पष्ट बोला. म्हणजे पुढचा बदल एकट्या रशियामुळे झाला असं नाही. पण आघाडी बघून आलेल्या माणसाला तो सल्ला लगेच पटला, एवढं नक्की.

जानेवारी १९४३ चं पाचवं पत्रक बघा. गटे नाही, लाओ त्झू नाही. मथळाच 'सर्व जर्मनांना आवाहन'. हिटलर हे युद्ध जिंकू शकत नाही, फक्त लांबवू शकतो. एकांगी प्रशियन लष्करशाही पुन्हा कधीही सत्तेवर येता कामा नये. पुढचा जर्मनी संघराज्य असावा; बोलण्याचं, श्रद्धेचं स्वातंत्र्य, सरकारी मनमानीपासून संरक्षण. आणि वर 'व्हाइट रोझ' हे नावच नाही. 'जर्मनीतील प्रतिकार चळवळीची पत्रकं' असं आहे. कविमनाचं नाव जाऊन संघटनेचं आलं. प्रती शंभरावरून सहा ते नऊ हजारांवर गेल्या.

इथे गणवेश कामाला आला. युद्धकाळात धडधाकट तरुण साध्या कपड्यांत आगगाडीत दिसला की तपासणी व्हायची. सैनिक सुट्टीवर जाताना दिसणं नेहमीचं होतं. ग्राफ जानेवारीत पत्रकं आणि एक प्रती काढायचं यंत्र घेऊन ऱ्हाइनकाठच्या गावांत, सारब्रुकेनला, फ्रायबुर्गला जुन्या मित्रांकडे फिरला. बहुतेकांनी नकार दिला. सारब्रुकेनच्या लष्करी दवाखान्यातल्या एका जुन्या मित्रानं मात्र यंत्र ठेवून घेतलं आणि खोटे रजेचे कागद बनवून द्यायचं कबूल केलं. श्मोरेल साल्झबुर्ग, लिंझ, व्हिएन्नाला जाऊन तिथल्या पेट्यांत पाकिटं टाकून आला, म्हणजे म्युनिकचा शिक्का पडणार नाही. त्यामुळे गेस्टापोला काही दिवस वाटत राहिलं की मोठी देशव्यापी संघटना आहे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रशियात स्टालिनग्राडला जर्मन सैन्य शरण गेलं. सहावं पत्रक प्राध्यापक कुर्ट हूबर यांनी लिहिलं. तत्त्वज्ञान आणि संगीत शिकवणारे, लोकगीतांचे अभ्यासक, वर्गात खचाखच गर्दी. राजकीय दृष्ट्या ते जुन्या वळणाचे राष्ट्रवादी. लहानपणच्या आजारपणामुळे पायात अधूपणा, म्हणून सैन्यात कधी गेले नव्हते. त्यांनी विद्यार्थ्यांना उद्देशून जळजळीत मजकूर लिहिला: तीन लाख तीस हजार जर्मन माणसांना पहिल्या महायुद्धातल्या त्या शिपुर्ड्याच्या (म्हणजे हिटलरच्या) 'अलौकिक' युद्धनीतीनं विनाकारण मृत्यूच्या खाईत लोटलं, फ्युरर, आम्ही तुझे आभारी आहोत! पण मजकुरात एक वाक्य असंही होतं की आपल्या गौरवशाली सैन्याच्या पाठीशी एकजुटीनं उभे राहा. हूबर यांच्या मते नाझी पक्ष वाईट, सैन्य चांगलं.

हान्स आणि श्मोरेल यांनी ते वाक्य खोडलं. हूबर चिडले, म्हणाले मग मला याच्याशी कर्तव्य नाही आणि निघून गेले. माझ्या दृष्टीनं या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत बोलका क्षण आहे. प्राध्यापक सैन्याबाहेर होता, म्हणून त्याला सैन्य गौरवशाली वाटत होतं. विद्यार्थी सैन्याच्या पगारावर होते, त्याच्याच पट्ट्या बांधून आले होते, ग्झात्स्क आणि वॉर्सा बघून आले होते. युद्धानंतर कित्येक दशकं जर्मनीत 'अत्याचार केले ते नाझींच्या खास तुकड्यांनी, साधं सैन्य स्वच्छ होतं' ही समजूत टिकून राहिली. या पोरांनी १९४३ च्या फेब्रुवारीत एका वाक्यावर काट मारून ती नाकारली होती. रशियातून त्यांनी काही आणलं असेल तर हे.

त्याच दिवसांत हान्स, श्मोरेल आणि ग्राफ रात्री बाहेर पडून म्युनिकच्या भिंतींवर 'हिटलर मुर्दाबाद' आणि 'स्वातंत्र्य' असं डांबरानं, रंगानं लिहीत होते. एक जण लिहिणार, दुसरा पिस्तूल घेऊन पहारा देणार. पिस्तूल अर्थात सैन्याचं.

१८ फेब्रुवारीचा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. हान्स आणि सोफी यांनी सुटकेसमधून सहावं पत्रक विद्यापीठात आणलं, वर्गांसमोर गठ्ठे ठेवले, उरलेले वरच्या मजल्यावरून इमारतीच्या आतल्या चौकात सोडले. याकोब श्मिड नावाच्या रखवालदारानं त्यांना धरलं. हान्सच्या खिशात प्रोब्स्टनं लिहिलेला सातव्या पत्रकाचा मसुदा निघाला. त्यानं फाडून गिळायचा प्रयत्न केला पण तुकडे जुळवले गेले आणि ज्याला सगळ्यांनी जपलं होतं तो तीन मुलांचा बाप अडकला.

इथे कायद्याची एक खाच होती, आणि ती आपल्या विषयाशी थेट भिडते. सैनिकावर खटला चालवायचा तर तो लष्करी न्यायालयात. पण पक्षाच्या पुढाऱ्यांना घाई होती आणि नाझींनी राजकीय खटल्यांसाठी काढलेल्या लोकन्यायालयाचा अध्यक्ष रोलांट फ्रायस्लर हवा होता. म्हणून अटकेनंतर दोन-तीन दिवसांतच हान्स आणि प्रोब्स्ट यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. ते सामान्य नागरिक ठरले आणि लोकन्यायालय मोकळं झालं. २२ फेब्रुवारीला सकाळी सुनावणी, दुपारी देहदंडाचा निकाल आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास हान्स, सोफी आणि प्रोब्स्ट या तिघांचा गिलोटिनखाली शिरच्छेद. त्याच संध्याकाळी विद्यापीठात विद्यार्थ्यांची सभा भरली आणि तिथे टाळ्यांचा कडकडाट झाला तो रखवालदार श्मिडसाठी.

श्मोरेल स्वित्झर्लंडकडे पळून जायला निघाला, बर्फात अडकला, परत फिरला आणि हवाई हल्ल्याच्या रात्री एका तळघरात ओळखला गेला. त्याला आणि हूबर यांना १३ जुलै १९४३ ला मारलं. ग्राफला आणखी तीन महिने ठेवलं, कारण ऱ्हाइनकाठी तो कोणाकोणाला भेटला ती नावं हवी होती. ती त्यानं दिली नाहीत. १२ ऑक्टोबरला त्याचाही शिरच्छेद झाला. सहावं पत्रक मात्र स्कँडिनेव्हियामार्गे इंग्लंडला पोचलं आणि त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश विमानांनी त्याच्या प्रती जर्मनीवर टाकल्या.

युद्धानंतरची मान्यता सावकाश आली. लोकन्यायालय हे न्यायालय नव्हतंच, दहशतीचं साधन होतं, असा ठराव जर्मन संसदेनं केला तो १९८५ मध्ये. श्मोरेलला परदेशातल्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चनं २०१२ मध्ये म्युनिकला हुतात्मा संत म्हणून जाहीर केलं. आणि २०१९ मध्ये जर्मनीच्या आजच्या सैन्यानं म्युनिकजवळच्या गार्खिंगमधल्या आपल्या एका बराकीला क्रिस्टोफ प्रोब्स्टचं नाव दिलं. शिरच्छेद करता यावा म्हणून ज्याला गणवेश उतरवायला लावला, त्याच्या नावाची पाटी आता गणवेशातल्या लोकांच्या फाटकावर आहे.